कोडं सोडवाचं असन तर आधी मूठभर तूर घ्या

आमच्या दर्यापूर भागात संध्याकाळी लाइन गेली का पोट्टे पारावर जमतात अन मोबाईलवर आलेले कोडे एकमेकाले विचारतात, अन दहा मिनिटात वाद सुरू होते, काऊन का प्रत्येक जण मनातल्या मनात हिशोब करते. लॉजिकचं कोडं एकवेळ मनात सुटते, पण चान्सचं कोडं मनात सोडवाले गेलात का फसलात. म्हणून माझी पद्धत सांगतो. घरातून मूठभर तूर, मूठभर हरभरा, तीन वाट्या अन एक वही आणा, आधी हातानं खेळा, मग मोजा.

सुरुवात थैल्यांपासून करा. तीन छोट्या थैल्या, एकीत तुरीचे दोन दाणे, दुसरीत हरभऱ्याचे दोन, तिसरीत एक तूर एक हरभरा. डोळे मिटून कोणतीही थैली उचला, न पाहता एक दाणा काढा. समजा तूर निघाली. आता त्याच थैलीतला दुसरा दाणा तूरच असाचा चान्स किती? जवळजवळ सगळेच म्हणतात अर्धा, का हरभऱ्याची थैली तर बाद झाली, राहिल्या दोन, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी. इथंच चुकते. थैल्या मोजू नका, दाणे मोजा. तुरीचे एकूण दाणे तीन, त्यांले नंबर द्या, एक, दोन, तीन. एक अन दोन एकाच थैलीतले, तीन नंबर हरभऱ्यासोबतचा. तुमच्या हातात आलेला दाणा या तिघांपैकी कोणताही असू शकते अन तिघांचाही चान्स सारखा, त्यात एकचा जोडीदार तूर, दोनचा जोडीदार तूर, फक्त तीनचा हरभरा. उत्तर तीनातून दोन. हे कोडं फ्रान्सच्या बर्ट्रांड नावाच्या गणितज्ञानं 1889 मध्ये मांडलं होतं, त्याच्यात सोन्याचांदीचे नाणे होते, आपल्याले तूर चालते. पटलं नसन तर साठ वेळा खेळून वहीत रेघा मारा, फक्त तूर निघाली तेवढेच डाव धरा, दर वेळी दाणा परत टाकून थैल्या मिसळाच्या हे विसरू नका.

आता तीन वाट्यांचं, याच्यावर मले जरा जास्त बोलाचं आहे. तीन वाट्या उपड्या ठेवा, एकीखाली संत्रागोळी. तुम्ही एका वाटीवर बोट ठेवता. समोरच्याले माहीत आहे गोळी कुठं आहे, तो उरलेल्या दोनातली एक रिकामी वाटी उचलून दाखवते अन विचारते, बदलता का? बदला, नेहमी बदला. तीस डावांचा हिशोब पाहा, सरासरी दहा वेळा तुमचं पहिलं बोट बरोबर पडन, म्हणजे बदललं तर हराल, पण उरलेल्या वीस वेळा गोळी दुसऱ्या दोनात असन, अन त्यातली रिकामी तर समोरच्यानंच बाजूले केली. अमेरिकेत 1990 मध्ये मेरिलिन वॉस सॅव्हंट या बाईनं आपल्या सदरात हेच उत्तर दिलं तर तिले हजारो पत्रं आले का तू चुकली, त्यात पीएचडी झालेले लोकं पण होते, अन बरोबर तीच होती. पॉल एर्डिशसारख्या मोठ्या गणितज्ञालेही कॉम्प्युटरवर हा खेळ पुन्हा पुन्हा खेळून दाखवल्यावरच पटलं, म्हणून मी म्हणतो का खेळून पाहाची लाज धरू नका.

पण एक गोष्ट बहुतेक जण सांगत नाहीत. समोरच्याच्या जागी लहान पोरगं बसवा, ज्याले गोळी कुठं आहे हे माहीतच नाही, त्यानं उरलेल्या दोनातली कोणतीही एक उचलली अन ती रिकामी निघाली. वाटी तीच, रिकामीपण तेच, पण आता बदलून काहीच फायदा नाही! मोजा ना. तीसपैकी दहा डावात गोळी तुमच्या बोटाखाली, दहा डावात पोराच्या हातून गोळीच उघडी पडते, ते डाव रद्द, अन राहिलेल्या दहात गोळी तिसऱ्या वाटीखाली. दहा विरुद्ध दहा. म्हणून कोणतंही कोडं आलं का आधी विचारा, ही माहिती मले कोणी दिली, त्याले काय माहीत होतं? अर्धे वाद इथंच मिटतात.

लॉजिकच्या कोड्याले प्रश्न वेगळा. कपाशीच्या बियाण्याचे नऊ पाकिटं, एक हलकं, बाकीचे सारखे, दोन पारड्यांचा तराजू, वजनं नाहीत, दोनदाच तोलाचं. लोकं लगेच चार-चार ठेवतात. थांबा, तराजू किती उत्तरं देते ते पाहा. डावं वर, उजवं वर, नाही तर बरोबर, म्हणजे तीन. दोन वेळा तोललं तर तीन त्रिक नऊ, म्हणून नऊच बसतात अन दहा बसत नाहीत. तर तीन-तीन ठेवा, तीन बाजूले, ज्या तिनात हलकं आहे त्यातले एक-एक तोला, झालं. तीनदा तोलता येत असन तर सत्तावीस पाकिटं.

अन कोड्यात "एकदा तरी" हा शब्द दिसला का उलटं मोजा. एक फासा चारदा टाकला तर एकदा तरी सहा पडाचा चान्स? एकदाही न पडाचे प्रकार 5×5×5×5 म्हणजे 625, एकूण 1296, तर पडाचे 671, अर्ध्यापेक्षा थोडे जास्त. वाढदिवसाचं कोडंही याच युक्तीनं सुटते, 23 जणांत कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेले असाचा चान्स अर्ध्याच्या थोडा वर जाते, काऊन का 23 जणांत जोड्या 253 होतात.

फक्त हे गावात करून पाहाल तर म्हाताऱ्या माणसांच्या तारखा घेऊ नका. त्यांच्या वेळी शाळेत नाव टाकताना मास्तर कित्येकांची जन्मतारीख 1 जून लिहून टाकत, अन सगळ्या तारखांचा चान्स सारखा हे कोड्यानं धरलेलंच तिथं मोडते. आताच्या पोरांचे जन्माचे दाखले मागा.