मस्टँग घेताय? इंजिन निवडताना या चुका टाळा

अमेरिकेत नोकरीत स्थिरावलं, पहिल्या कॅमरीचे नाहीतर सिव्हिकचे हप्ते फिटले, की आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात फोर्डची मस्टँग शिरते. डॉज चॅलेंजर आणि शेवर्ले कॅमारो दोन्ही डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. त्यामुळे यादीत मस्टँग आपोआप वर येते आणि मग एकच वाद उरतो: २.३ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इकोबूस्ट की जीटीतलं ५.० लिटरचं व्ही-८? सेकंडहँड बघणाऱ्यांसमोर २०१५ ते २०१७ च्या गाड्यांतलं ३.७ लिटरचं व्ही-६ हा तिसरा पर्यायही असतो.

वाद बहुतेक वेळा चुकीच्या जागी सुरू होतो. इंजिनासोबत गिअरबॉक्स, ब्रेक, इंधन आणि विमा हे सगळं बांधून येतं. लोक मात्र माहितीपत्रकातला एकच आकडा बघतात.

हॉर्सपॉवर बघितली, आरपीएम बघितलाच नाही

२०२४ च्या मॉडेलमध्ये इकोबूस्टची ताकद ३१५ हॉर्सपॉवर आणि जीटीची ४८० (अ‍ॅक्टिव्ह एक्झॉस्ट घेतला तर ४८६). हा फरक वाचूनच निम्मे लोक निकाल देऊन मोकळे होतात. आता टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, बघा. इकोबूस्टचा ३५० पाउंड-फूट टॉर्क ३,००० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपासच हाती येतो. जीटीचा ४१५ येतो ४,९०० ला आणि पूर्ण ताकद थेट ७,१५० ला. ऑफिसला जाता-येता, सिग्नल ते सिग्नल, इंजिन दोन-तीन हजारांच्या वर फारसं जातच नाही. त्या पट्ट्यात टर्बो गाडी अजिबात मरगळलेली वाटत नाही, उलट चटकन पुढे सरकते. व्ही-८ ची खरी मजा पाच हजारांच्या वर आहे, आणि तिथे पोचेपर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच तुम्ही ताशी ४५-५० मैलांच्या घरात गेलेले असता. हायवेवर रॅम्प चढताना ती मजा मिळते, नाही असं नाही. पण दिवसातून किती सेकंद मिळते, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

शून्य ते साठ मैलांसाठी इकोबूस्टला साधारण साडेचार ते पाच सेकंद लागतात, जीटीला सव्वाचारच्या आसपास. किमतीतला फरक मात्र २०२४ मध्ये दहा-अकरा हजार डॉलरचा होता. आवाज हा मुद्दा वेगळा. व्ही-८ चा आवाज हवा असेल तर त्याला दुसरा इलाज नाही. इकोबूस्टमध्ये स्पीकरमधून सोडलेला आवाज कितीही सजवला तरी तो स्पीकरचाच.

‘चार सिलिंडरची मस्टँग खरी मस्टँगच नाही’ हे ऐकून मात्र निर्णय फिरवू नका. १९६४ ची पहिली मस्टँगसुद्धा पायाभूत मॉडेलमध्ये सहा सिलिंडरचं साधं इंजिन घेऊन आली होती, आणि १९८४ ची मस्टँग एसव्हीओ तर २.३ लिटर टर्बोचीच होती.

ऑक्टेनचा घोळ

आपल्या लोकांकडून हमखास होणारी चूक ही. ऑक्टेन म्हणजे पेट्रोल अवेळी पेटण्याला किती दाद देत नाही त्याचा आकडा, आणि तो मोजायच्या दोन पद्धती आहेत: आरओएन आणि जास्त कडक एमओएन. भारतात पंपावर ९१ किंवा ९५ लिहिलेलं असतं तो आरओएन. अमेरिकेत लिहितात ती या दोन्हींची सरासरी, त्यामुळे तोच दर्जा आकड्यात चार-पाचने कमी दिसतो. अमेरिकेचं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१, आणि तिथलं ९३ म्हणजे जवळपास ९८. पुण्यात ९१ वर गाडी छान चालायची, मग इथे ८७ म्हणजे भेसळीचं पेट्रोल, अशी समजूत करून घेऊ नका.

उलट दिशेची चूक जास्त महागात पडते. इकोबूस्टचे जाहीर आकडे प्रीमियम पेट्रोलवरचे आहेत. ८७ घातलं तर गाडी चालेल, पण नॉकिंग (पेट्रोल सिलिंडरमध्ये अवेळी पेटणं) टाळण्यासाठी कॉम्प्युटर इग्निशनची वेळ मागे ओढेल आणि ताकद कमी होईल. ‘नव्या गाडीत जोर नाही’ ही तक्रार घेऊन सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी तीन टाक्या प्रीमियमच्या भरून बघा. कोलोरॅडोसारख्या डोंगराळ राज्यांत पंपावर ८५ सुद्धा मिळतं. ते या दोन्ही इंजिनांत घालू नका. त्या उंचीवर एक गोष्ट टर्बोच्या बाजूने जाते. विरळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्क्यांनी घटते, म्हणजे डेन्व्हरच्या ५,२८० फुटांवर व्ही-८ बऱ्यापैकी दमतं. टर्बो ती तूट पुष्कळशी भरून काढतो.

इंधनखर्चाचं म्हणाल, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इकोबूस्टचं सरासरी मायलेज गॅलनला २६ मैल, जीटीचं १८. वर्षाला १२,००० मैल आणि गॅलनला साडेतीन डॉलर धरले तर फरक सातशे डॉलरच्या आसपास येतो. विम्याचा फरक बऱ्याचदा याहून मोठा निघतो, विशेषतः अमेरिकेतलं लायसन्स नवं असेल तर. दोन्ही मॉडेलचे विम्याचे दर डीलरकडे जाण्याआधीच मागवा.

गिअरबॉक्सने आधीच निर्णय घेतलेला असतो

२०२४ पासून इकोबूस्टमध्ये मॅन्युअल मिळतच नाही, फक्त दहा गिअरचा ऑटोमॅटिक. क्लच दाबायचाच असेल तर नवी जीटी नाहीतर तिच्याही वरचं व्ही-८ मॉडेल डार्क हॉर्स. स्वस्तात मॅन्युअल हवा असेल तर २०१५ ते २०२३ ची इकोबूस्ट किंवा जुनी व्ही-६ शोधा. जीटीचा मॅन्युअल थंडीत दुसऱ्या गिअरला अडखळतो ही तक्रार जुनी आहे. तेल गरम झाल्यावर अडखळणं गेलं तर घाबरायचं कारण नाही. गरम झाल्यावरही गिअर खरखरत पडत असेल तर ती गाडी सोडा.

‘इकोबूस्ट घेऊ, ट्यून करू, जीटीला मागे टाकू’

हा बेत अनेकांचा असतो आणि माझा त्याला ठाम विरोध आहे. सॉफ्टवेअर बदलून (यालाच ट्यून म्हणतात) बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवता येतो, पण ती हवा थंड करणारा इंटरकूलर, पिस्टन आणि ब्रेक तेच राहतात. उन्हाळ्यात ट्रॅकवर तीन-चार फेऱ्या झाल्या की आत जाणारी हवा तापते आणि वाढवलेली ताकद गळते. त्यात पेट्रोल कमी दर्जाचं पडलं तर पिस्टनवर येतं, आणि ट्यून केल्याचं दिसलं की वॉरंटीचा दावा अडकतो. एवढा खर्च आणि धाकधूक करायची तर सेकंडहँड जीटी घ्या. इकोबूस्ट जशी आहे तशी वापरणार असाल तर परफॉर्मन्स पॅकेजवाली बघा. २०१५ ते २०२३ च्या मॉडेलांत त्या पॅकेजमध्ये जीटीचे चार पिस्टनचे मोठे ब्रेक येतात, आणि वजन पुढच्या बाजूला कमी असल्याने वळणांवर ती जास्त हलकी वाटते. पॅकेजसोबत आलेले समर टायर मात्र मिशिगन-शिकागोच्या हिवाळ्यात चालत नाहीत. गाडी रिअर-व्हील ड्राइव्ह आहे, तेव्हा विंटर टायरचा वेगळा संच बजेटमध्ये धरा, इंजिन कोणतंही घ्या.

मॅन्युअल इकोबूस्टमध्ये आणखी एक वाईट सवय सोडावी लागते: सहाव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबणं. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात अशा वेळी ठिणगीच्या आधीच स्फोट होऊ शकतो आणि पिस्टन फुटू शकतो. एक गिअर खाली या. तेलही एपीआय एसएन प्लस किंवा त्यानंतरच्या दर्जाचं वापरा.

सेकंडहँड घेताना लक्षणं चुकीची वाचली

२.३ इकोबूस्टचं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) जातं असं वाचून पुष्कळ लोक बिचकतात. तो गाजलेला दोष फोर्डच्याच फोकस आरएस या गाडीचा होता, आणि गंमत म्हणजे त्या गाड्यांत मस्टँगचं गॅस्केट बसवलं गेल्यामुळे झालेला. मस्टँगमध्ये ते गॅस्केट त्याच्या योग्य जागी आहे. तरीही कूलंटची पातळी बघाच.

व्ही-६ बद्दलची अफवाही अशीच. वॉटर पंप इंजिनाच्या आत असतो, गळला की तेलात पाणी जातं, हे फोर्डच्या आडव्या बसवलेल्या ३.५ आणि ३.७ इंजिनांबाबत खरं आहे, म्हणजे एज किंवा एक्सप्लोररसारख्या गाड्यांत. मस्टँगमध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसतं आणि पंप बाहेर, पट्ट्यावर चालतो. ३०० हॉर्सपॉवरचं हे साधं, टर्बोविना इंजिन उगाच दुर्लक्षित आहे. फक्त गाडी आधी भाड्याच्या ताफ्यात होती का, ते इतिहासात तपासा.

२०१८ नंतरच्या जीटीत टकटक ऐकू आली की बेअरिंग गेलं असा निष्कर्ष काढू नका. त्या वर्षापासून डायरेक्ट इंजेक्शन आलं आणि त्याचे इंजेक्टर वाजतातच. आरपीएमसोबत वाढत जाणारा, खालून येणारा जड ठोका मात्र वेगळा. डिपस्टिक काढून तेल किती आहे ते बघा आणि दोन सर्व्हिसच्या मध्ये किती घालावं लागतं तेही विचारा. २०२३ पर्यंतच्या इकोबूस्टमध्ये इंधन थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचतो. जास्त मैल झालेली गाडी थंड असताना हिसके देत असेल तर आधी तिथे शंका घ्या.

पुढे भारतात परतताना गाडी सोबत नेऊ, या हिशेबाने इंजिन निवडत असाल तर तो विचार सोडून द्या. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची लागते, अमेरिकेतली डाव्या. फोर्डने २०१६ मध्ये भारतात आणलेली उजव्या स्टिअरिंगची मस्टँग व्ही-८ च होती, तीही सुमारे ३९५ हॉर्सपॉवरवर उतरवलेली.

आणि सेकंडहँड गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या, कारण वर सांगितलेल्यातल्या निम्म्या गोष्टी फक्त थंड इंजिनातच कळतात.