दिवाळीत सार्वजनिक बागेची पिक्सेल रोषणाई: पहिल्या वर्षाचा आराखडा

बागेत प्रोग्रॅम केलेली रोषणाई करायची ठरली, की पहिला प्रश्न येतो तो 'कंट्रोलर, म्हणजे दिव्यांना हुकूम देणारा बोर्ड, कोणता घ्यायचा?' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आधी ज्येष्ठ-आषाढातल्या एखाद्या अमावास्येला, रात्री आठच्या सुमाराला, बागेत एक चक्कर मारा. लक्ष्मीपूजनालाही अमावास्याच असते, त्यामुळे तेव्हा जो अंधार तुमच्या हाताशी असेल तो आजच बघायला मिळतो.

हातात बागेचा नकाशा ठेवा. नसेल तर वहीच्या पानावर काढलेला चालेल. त्यावर प्रत्येक दिव्याचा खांब, शेजारच्या रस्त्यावरून आत येणारा उजेड आणि दुकानांच्या पाट्यांची दिशा टिपून घ्या. उरलेल्या काळ्या जागा ही तुमची खरी जमीन. भर उजेडातली माळ पूर्ण प्रखरतेने लावली तरी फिकी दिसते आणि गडद कोपऱ्यात तीच माळ ३० टक्क्यांवर डोळ्यांत भरते. वीज, तारा, पैसा यांचे पुढचे सगळे हिशेब या एका फरकावर अवलंबून आहेत. म्हणून परवानगीच्या अर्जातच लिहा, की अमुक चार खांबांवरचे दिवे संध्याकाळी सात ते दहा बंद ठेवावेत. पायऱ्या, उतार आणि फाटकाजवळचे दिवे मात्र चालूच हवेत.

झाडांना हात लावू नका

आपल्याकडे रोषणाई म्हटली, की पहिली नजर झाडाच्या बुंध्यावर जाते. ती सवय आता सोडलेली बरी. २०२४ मध्ये झाडांवरच्या दिव्यांविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे आली आणि मुंबई महापालिकेने झाडांवरच्या माळा उतरवायला घेतल्या. कायद्याचं सोडा, वटवाघळं आणि रात्री झाडावर मुक्कामाला आलेले पक्षी यांच्या डोळ्यांत रात्रभर दिवे चमकवायचे कशाला?

यातून एक फायदाही होतो. झाडाऐवजी ज्यावर दिवे लावायचे तो आपला सांगाडा घरी, अंगणात, गच्चीवर बांधून तपासता येतो. झाड घरी आणता येत नाही.

पहिल्या वर्षासाठी मी तीनच गोष्टी सुचवेन. एक, बागेच्या सर्वांत काळ्या भागात एक मोठं 'प्रकाशाचं झाड': जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचा सहा मीटरचा खांब, त्याच्या माथ्यापासून जमिनीपर्यंत अर्धवर्तुळात ताणलेल्या १६ माळा, प्रत्येकीवर ५० पिक्सेल, म्हणजे स्वतंत्र रंग देता येणारे दिवे. म्हणजे ८०० पिक्सेल. दोन, पायवाटेवर आठ कमानी. वीजकामातल्या पाऊण इंची पीव्हीसी पाइपच्या, प्रत्येकी ५० पिक्सेल, एकूण ४००. तीन, हिरवळीवर किंवा हौदाकाठी जमिनीलगतची १२ फुलं, प्रत्येकी २५, म्हणजे ३००. बेरीज १,५००. एवढं नीट चाललं तर पुढच्या वर्षी वाढवा. खांबाचा पाया आणि ताण मांडववाल्याकडून किंवा फॅब्रिकेटरकडून करून घ्या. वाऱ्याचा अंदाज त्यांना आपल्यापेक्षा चांगला असतो.

पिक्सेल म्हणजे काय, आणि किती वीज लागते

साध्या माळेत सगळे दिवे एकाच हुकमाने पेटतात. पिक्सेल माळेत प्रत्येक दिव्यामागे एक चिप असते आणि त्याला स्वतंत्र रंग सांगता येतो. बाजारात सर्वांत जास्त दिसते ती डब्ल्यूएस२८११ चिप. तिच्या १२ मिलिमीटरच्या 'बुलेट' पिक्सेलच्या ५०-५० च्या माळा मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चौकशी करा. ५ आणि १२ व्होल्ट असे दोन प्रकार येतात. बागेत अंतरं लांब असतात, म्हणून १२ व्होल्टच घ्या. आणि सगळा माल एकाच खेपेतला घ्या, १० ते १५ टक्के जादा धरून. दोन खेपांतला पांढरा रंग शेजारी ठेवला, की एक निळसर आणि एक पिवळट दिसतो.

आता हिशेब. १२ व्होल्टचा पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला, तर जास्तीत जास्त ०.०६ अँपिअर घेतो, म्हणजे ०.७२ वॉट. १,५०० पिक्सेलचे झाले १,०८० वॉट. एसएमपीएसमधली (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा वीजपुरवठा) गळती धरून भिंतीतून साधारण १,३०० वॉट, म्हणजे २३० व्होल्टवर साडेपाच-सहा अँपिअर. घरातला २ किलोवॉटचा गिझर याहून जास्त ओढतो! शिवाय तुम्ही ३० टक्क्यांवरच चालवणार, म्हणजे प्रत्यक्षात याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. तरी तारा, फ्यूज आणि एसएमपीएस पूर्ण भाराचा विचार करूनच निवडा, कारण प्रोग्रॅममधल्या एका चुकीने सगळं पांढरं पेटू शकतं.

३५० वॉटचा १२ व्होल्ट एसएमपीएस सुमारे २९ अँपिअर देतो. त्याच्यावर ८० टक्क्यांच्या आसपासच भार टाका. आपल्या आराखड्याला चार पुरतात: झाडाला दोन, कमानींना एक, फुलांना एक.

सगळी गंमत बिघडते ती तारेत

या भागावर सगळ्यात जास्त वेळ द्या.

१२ व्होल्टची तार लांब नेली, की व्होल्टेज वाटेतच संपतं. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. एसएमपीएसच्या खोक्यापासून कमान १० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन २० मीटर तार होते. रोध ०.२४ ओहम. ५ अँपिअर गेले, की १.२ व्होल्ट वाटेतच खर्च. १२ चे १०.८ झाले. त्यातून पुढे माळेच्या बारीक तारेत आणखी घट होते. याची ओळख सोपी: सगळ्या पिक्सेलना पांढरा रंग द्या. माळेच्या शेवटी पांढरा रंग पिवळसर-लालसर होत गेला, तर तिथे व्होल्टेज कमी पडतंय. निळ्या आणि हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंदावतात.

उपाय तीन. एसएमपीएस सांगाड्यापासून दोन-चार मीटरवर ठेवा आणि लांबचं अंतर २३० व्होल्टनेच कापा. मुख्य तार २.५ चौरस मिलिमीटरची घ्या. आणि दर १०० पिक्सेलनंतर १२ व्होल्ट पुन्हा आत सोडा. प्रत्येक अशा फांदीवर गाडीत असतो तसा ७.५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज बसवा.

एक नियम दारावर लिहून ठेवण्यासारखा आहे. दोन एसएमपीएसचे धन टोक एकमेकांना कधीही जोडायचे नाहीत. त्यांची हद्द जिथे येते, तिथे लाल तार कापा. ऋण टोक, म्हणजे ग्राउंड, मात्र सगळ्यांचं आणि कंट्रोलरचंही एकच हवं. ग्राउंड तुटलं, की दिवे भुताने झपाटल्यासारखे नाचतात आणि माणूस तासभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

डेटाची तार तर त्याहून नाजूक. कंट्रोलरपासून पहिल्या पिक्सेलपर्यंत तीन ते पाच मीटरच्या आत राहा. ईएसपी३२सारखा छोटा बोर्ड ३.३ व्होल्टचा संदेश देतो, पिक्सेलला ५ व्होल्टचा लागतो. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही पातळी चढवणारी चिप लावा, किंवा ती असलेला तयार कंट्रोलर घ्या.

डेटा एका पिक्सेलकडून दुसऱ्याकडे जातो. म्हणून एक मेला, की पुढची सगळी माळ गप्प होते. दोष शेवटच्या पेटलेल्या पिक्सेलमध्ये असतो किंवा पहिल्या विझलेल्यामध्ये. आधी त्या दोघांमधला सांधा बघा.

२३० व्होल्टचं काम तुमचं नाही

परवानाधारक वीज ठेकेदार घ्या. त्याच्याकडून चार गोष्टी लेखी मागा: प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ (वीज गळली किंवा भार वाढला, की पुरवठा तोडणारा स्विच), तपासलेलं अर्थिंग, लोखंडी खांब आणि खोक्यांना अर्थ जोडणी, आणि कामानंतरचा चाचणी अहवाल. कागदपत्रांची सुरुवात पालिकेच्या उद्यान विभागापासून करा. पुढे विद्युत विभाग, अग्निशमन, गर्दी अपेक्षित असेल तर पोलीस ठाणं. बागेच्या मीटरवरून वीज मिळणार नसेल, तर महावितरणकडून तात्पुरती जोडणी. श्रावणाच्या आत अर्ज गेले, तर गणपतीच्या गडबडीत फाइल अडकत नाही.

खोकी आयपी६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न घेणारी, जमिनीपासून हातभर वर, तारांची तोंडं खालच्या बाजूला. खोक्यात शिरण्याआधी प्रत्येक तारेला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आत ओघळत नाही. एसएमपीएस गरम होतो, तेव्हा छोट्या प्लॅस्टिकच्या डब्यात त्याला कोंडू नका.

आणि माळीकाकांशी बोला. हे विनोदाने म्हणत नाही. आम्ही परतीच्या पावसाची सगळी तयारी केली होती आणि पहाटे पाचला हिरवळीचे फवारे सुरू झाले. पाणी वरून नव्हे, खालून आलं. फवाऱ्यांच्या वेळा, गवत कापायचा दिवस आणि उंदीर-घुशींची बिळं, हे तिन्ही माळीकाकांना ठाऊक असतं. पायवाट ओलांडणाऱ्या तारा जमिनीवर उघड्या ठेवू नका. केबल-रॅम्प (तारा झाकणारा उताराचा पट्टा) घाला, पण व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल असा.

आता कंट्रोलर

बाग नाट्यगृहासारखी नसते. लोक चालत असतात, कुणी मधूनच येतं, कुणी मधूनच जातं. त्यामुळे सुरुवात-शेवट असलेला कार्यक्रम सगळ्या बागेसाठी रचायची गरज नाही. कमानी आणि फुलांना ईएसपी३२वर डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर घाला. मोबाइलवरून रंग आणि चाल निवडता येते, सूर्यास्ताला आपोआप पेटवता येतं आणि एकूण प्रवाहावर मर्यादा घालता येते. ती मर्यादा पहिल्याच दिवशी घाला.

प्रकाशाच्या झाडासाठी मात्र एक्सलाइट्स शिका. तेही मोफत आहे. संगणकावर बागेचा फोटो ठेवून त्यावर झाड मांडायचं, परिणाम रचायचे आणि तयार फाइल 'रास्पबेरी पाय' या छोट्या संगणकावरच्या फाल्कन प्लेअर या सॉफ्टवेअरकडे द्यायची. तो ती रोज ठरल्या वेळी वाजवतो. इथे एक गणित लागतं. एका पिक्सेलचा संदेश ३० मायक्रोसेकंद घेतो. ८०० पिक्सेल एकाच तारेवर टाकले, तर एका चौकटीला (झाडाच्या एका स्थिर चित्राला) २४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ४० चौकटी. कंट्रोलरच्या चार पोर्टांवर (तार जोडायच्या तोंडांवर) २००-२०० वाटले, की ६ मिलिसेकंद. नेटवर्कवरून डेटा 'युनिव्हर्स' नावाच्या गठ्ठ्यांत जातो. एका युनिव्हर्समध्ये ५१२ चॅनेल असतात, एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन लागतात, म्हणजे त्यात १७० पिक्सेल मावतात, म्हणून झाडाला पाच युनिव्हर्स लागतील. रास्पबेरी पाय आणि कंट्रोलर यांच्यामध्ये केबलच टाका. वाय-फायवर घरी सुरळीत चाललेलं झाड, बागेत शेकडो मोबाइल आले की अडखळतं.

मंडप डेकोरेशनवाल्यांकडे एसडी कार्डवर चालणारे टी-१०००एससारखे कंट्रोलर असतात. ते वाईट नाहीत, स्वस्त आणि काटक आहेत. मात्र ऐन वेळी काही बदलायचं तर कार्ड काढून पुन्हा संगणकाकडे जावं लागतं.

रंगांबाबत माझं मत

नवशिक्या हमखास सगळं इंद्रधनुष्य एकदम आणि धावतं करतो. तीन मिनिटांत बघणारा थकतो. एका भागात दोन-तीन रंग पुरेत: झेंडूचा केशरी, पणतीचा पिवळा, कुठे तरी गर्द निळा. चाल संथ ठेवा. झाड मधूनच पाच सेकंद पूर्ण विझू द्या, पुन्हा पेटताना लोक थांबून बघतात. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा होणारी लखलख टाळा, अपस्माराच्या रुग्णांना तिचा त्रास होऊ शकतो. फिकट छटा पडद्यावर दिसतात तशा बागेत दिसत नाहीत, पांढरट होतात. त्यासाठी सॉफ्टवेअरमधली गॅमा दुरुस्ती, म्हणजे प्रखरता डोळ्याला जाणवते तशी जुळवणारी सोय, सुरू करा.

पहिल्या वर्षी संगीत नको. ध्वनिमुद्रित गाणी सार्वजनिक ठिकाणी वाजवायला परवाने लागतात, ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर बंद करावा लागतो, आणि शेजारच्या इमारती पहिल्या तक्रारीपासून तुमच्या विरोधात जातात.

दिवस मागून मोजा

वसुबारसेला दिवे पेटायचे, तर माल आषाढात मागवा. आल्यावर प्रत्येक माळ २४ तास पांढऱ्यावर पेटती ठेवा. कच्चे पिक्सेल बहुतेक इथेच मरतात. सांगाडे भाद्रपदात. नवरात्रात एखाद्या गच्चीवर निदान एक कमान आणि झाडाच्या चार माळा जोडून संपूर्ण साखळी चालवून बघा. बागेत उभारणी वसुबारसेच्या आठवडाभर आधी, त्यातल्या शेवटच्या दोन संध्याकाळी फक्त चाचणी. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांक, आणि त्याच क्रमांकांचा नकाशा खोक्याच्या दारात आतून चिकटवलेला. उद्घाटनाच्या रात्री टॉर्च तोंडात धरून 'ही तार कुठली?' असं ओरडायची वेळ येऊ नये.

रोज एक माणूस फिरता ठेवा. त्याच्या पिशवीत दहा जादा पिक्सेल, फ्यूज, मल्टिमीटर आणि गोंद असलेली हीट-श्रिंक (तापवली की सांध्यावर आवळणारी) नळी. रात्री दहाला सगळं बंद.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उतरवायला घ्या. माळा ओल्या गुंडाळू नका, दिवसभर सावलीत वाळू द्या. हिरवळीत पडलेले केबल टायचे तुकडे हाताने वेचा, नाही तर पुढच्या आठवड्यात ते गवत कापायच्या यंत्रातून बाहेर येतात आणि माळीकाका पुढच्या वर्षी फवाऱ्यांच्या वेळा सांगत नाहीत.