उंबऱ्यापुरता रॅम्प, एका हाताने उचलता येईल असा

आईची व्हीलचेअर घरी आली त्या आठवड्यात मी घाईघाईने प्लायवुडचा रॅम्प करून घेतला. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, भक्कम, आणि वजन तेरा किलो. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओटल्याला तो छान बसला. मावशीकडे मात्र एकदाच नेला, कारण माझं वय ५९ आणि उजवा खांदा कायमचा दुखरा. मग तो जिन्याखाली उभा राहिला आणि पावसाळ्यात कडांनी फुगला. त्या सहा महिन्यांत आई डॉक्टरांखेरीज कुठेच गेली नाही. हळदीकुंकवालासुद्धा नाही. आईची मापं मी नीट घेतली होती, पण रॅम्प उचलून नेणार मी, आणि माझं माप घ्यायचं राहून गेलं होतं.

म्हणून सुरुवात स्वतःपासून करा. पिशवीत धान्य भरून घरापासून कोपऱ्यापर्यंत चाला, मग थोडं वाढवून परत चाला. मला एका हातात तीन-साडेतीन किलो झेपलं, सहा नाही. माझ्या रॅम्पच्या एका तुकड्याचं वजन तिथेच ठरलं.

मग उंबरे मोजा. आई जिथे जिथे जाऊ इच्छिते अशी सात घरं मी टेप घेऊन फिरले. नुसती पायरी मोजू नका. उंबऱ्याच्या माथ्यापासून रॅम्पचं खालचं टोक जिथे टेकेल तिथपर्यंत दोरी आडवी धरा, स्पिरिट लेव्हल लावा आणि दोरीपासून जमिनीपर्यंतची उंची घ्या. गल्लीला उतार असतो. चार इंचांची पायरी तिथे साडेपाच इंचांची निघते.

मी शाळेत गणित शिकवायचे, तेव्हा पुढचा हिशोब थोडा सविस्तर सांगते, कारण सगळं यावरच उभं आहे. आपल्याकडच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत रॅम्पचा चढ १:१२ धरतात, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी. आई ५२ किलोची, खुर्ची १६ किलोची, एकूण ६८. या चढावर ढकलायला साधारण पावणेसहा किलोचा जोर लागतो. १:८ वर साडेआठ, १:४ वर सतरा, आणि घर्षण वेगळं. खुर्ची स्वतःच्या हातांनी चालवणाऱ्या माणसासाठी १:१२ सोडू नका. ढकलणारं माणूस धडधाकट असेल आणि पायरी एकच असेल तरच आम्ही १:८ पर्यंत जातो. चार फुटांचा रॅम्प नियमाने चार इंचांना पुरतो, सोबतीने सहा इंचांना. माझ्या सातांपैकी पाच उंबरे यात बसले. एका घरी दोन पायऱ्या, तेरा इंच, म्हणजे नियमाने तेरा फुटांचा रॅम्प लागेल. तो उचलून न्यायची वस्तूच नाही. तिथे आम्ही मागच्या सपाट दाराने जातो.

अखंड फळीऐवजी दोन पट्ट्या करा, प्रत्येक चाकजोडीला एक. मधली जागा मोकळी राहते आणि ढकलणाऱ्याचे पाय जमिनीवरच पडतात. रुंदीत सगळे चुकतात ते इथे: पुढची छोटी चाकं मागच्या मोठ्या चाकांच्या रेषेत नसतात, थोडी आत असतात. मागच्या चाकाच्या बाहेरच्या कडेपासून पुढच्या चाकाच्या आतल्या कडेपर्यंत मोजा आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडा. आमच्या खुर्चीला पट्टी आठ इंचांची आली.

आता काठ. चाक घसरू नये म्हणून आतला काठ दोन इंच उभा ठेवा. बाहेरचा फक्त एक इंच, कारण मोठ्या चाकाला हाताने फिरवायची जी गोल कडी असते ती जमिनीपासून जेमतेम दीड इंचावर असते. काठ उंच झाला तर ती घासते आणि बोटं सापडू शकतात.

पत्रा ॲल्युमिनियमचा, ३ मिलिमीटर. इथल्या सियागंज बाजारातून आणलात तर भांड्यांचा नरम पत्रा नको, असं स्पष्ट सांगा. चार फुटांची एक पट्टी पावणेतीन किलोची होते. २ मिलिमीटर लोखंडाची सव्वापाचच्या पुढे जाते. साध्या वेल्डिंगवाल्याकडे ॲल्युमिनियम जोडून मिळत नाही, त्याला आर्गॉन वेल्डिंग लागतं. म्हणून जोडकामच टाळा आणि एकाच पत्र्याला बेंड मारून घ्या. वरच्या टोकाला तीन इंचांची झडप बिजागरीने बसवा, ती उंबऱ्यावर टेकते. खालच्या टोकाला रबराची पट्टी, चाकं फिरतात त्या भागावर खरबरीत अँटी-स्लिप टेप. कडा कानशीने घासा. पट्टी एका बोटावर तोलून मध्य शोधा आणि मूठ तिथेच बसवा. मूठ चार बोटं जरी सरकली तरी पट्टी पायावर आपटते.

माणूस बसवण्याआधी पट्ट्या लावून त्यावर खुर्ची आणि माणूस मिळून जे वजन होतं त्याच्या दुप्पट वजन ठेवा. आम्ही पन्नास-पन्नास किलोच्या गव्हाच्या दोन गोण्या ठेवल्या आणि भाचा मध्ये उभा राहिला. पाणी टाकूनही पाहा.

रिक्षातून उतरल्यावर आधी आई खुर्चीत, दोन्ही ब्रेक, कमरेचा पट्टा. मगच पट्ट्या लावायच्या. पट्ट्या खुर्चीच्या मागच्या मुठींना लटकवू नका, चढावर खुर्ची मागे कलंडते. चढताना तोंड पुढे. उतरताना खुर्ची उलटी, ढकलणारं माणूस खालच्या बाजूला, आणि पावलं लहान. पहिले दोन दिवस रिकाम्या खुर्चीवर सराव करा.

या संक्रांतीला आई मावशीच्या दारात पोहोचली तेव्हा मावशी ओटल्यावर उभी राहून रडली. आई म्हणाली, "अगं, आत तर येऊ दे."

अँटी-स्लिप टेपची पकड पावसाळ्यानंतर जाते. दसऱ्याच्या आधी ती बदलते मी, आणि तेव्हाच बिजागरीला तेल.