यादवी युद्धातून वाचलेल्यांवर गावातच उपचार करताना

यादवी युद्धानंतर गावात परतलेला माणूस मनाच्या त्रासाबद्दल क्वचितच बोलतो. डोकेदुखी, छातीतली धडधड आणि उडालेली झोप यांच्याच तक्रारी तो सांगतो. त्याच्या शरीराची तपासणी आधी करवून घ्यावी. मग हळूच विचारावे, की जुने प्रसंग पुन्हा घडत असल्यासारखे समोर येतात का, काही वाटा, माणसे टाळली जातात का, धोका अजूनही आहे असे वाटून साध्या आवाजानेही दचकायला होते का. ही लक्षणे कित्येक आठवडे टिकून रोजची कामे अडत असतील, तर आघातोत्तर तणाव विकाराची शक्यता धरावी.

घटना ताजी असताना कोणालाही सगळे सांगायला भाग पाडू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही एकाच बैठकीत सारे बोलून घेण्याच्या पद्धतीचा वापर करू नये असे सांगतात.

खेड्यात सर्वांत अवघड असते ती गुप्तता. ज्याने घर जाळले तो आणि ज्याचे जळले तो, दोघेही एकाच विहिरीवर येत असतील, तर कोण कोणाकडे उपचाराला जातो हेसुद्धा बाहेर कळता कामा नये. बैठकीची जागा आणि वेळ रुग्णानेच ठरवावी, आणि ती पेरणी-कापणीच्या आड येऊ नये.

पूर्णवेळ मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी कथनाधारित उपचारपद्धती मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण युगांडातील निर्वासित वसाहतीत प्रशिक्षित स्थानिक माणसांनीही ती यशस्वीपणे वापरली आहे. पहिल्या टप्प्यात जमिनीवर दोरी अंथरून जन्मापासूनचे आयुष्य मांडतात; सुखाच्या प्रसंगांसाठी फुले, आघातांसाठी दगड ठेवतात. पुढच्या बैठकांत, साधारण दीड तासाच्या, एकेका दगडाजवळ थांबून तेव्हा काय दिसले, अंगात काय जाणवले, मनात काय आले हे क्रमाने सांगायला मदत करावी आणि मधूनमधून 'आत्ता आपण इथे, सुरक्षित आहोत' याची आठवण द्यावी. भीती ऐन शिगेला असताना बैठक कधीही मोडू नये. प्रसंग संपून पुढे काय झाले तिथपर्यंत यावे आणि मन निवल्यावरच उठावे. ऐकलेले लिहून पुढच्या वेळी वाचून दाखवावे. अखेरीस ही लिखित जीवनकथा रुग्णाला द्यावी, मात्र ती घरी ठेवणे धोक्याचे नसेल तरच.

झोपेसाठी बेंझोडायझेपाइन गटातील (गुंगी आणणाऱ्या शामक) गोळ्यांची सवय लावू नये. आत्महत्येचे विचार, दारूचे वाढते व्यसन किंवा घरात चालू असलेली मारहाण दिसल्यास कथन थांबवून आधी त्यावर उपाय करावा आणि डॉक्टरांकडे पाठवावे.

ऐकणाऱ्या कार्यकर्त्याचीही झोप उडते; त्याला अनुभवी मार्गदर्शकाशी नियमित बोलता येईल अशी सोय नसेल, तर नवा रुग्ण घेऊ नये.