व्हाइट सँड्सची पांढरी वाळू कॅमेऱ्यात उतरवताना

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यानाची वाळू जिप्समची आहे. हे खनिज पाण्यात विरघळते आणि एरवी नद्यांबरोबर समुद्राला जाते; परंतु तुलारोसा खोऱ्यातून पाण्याला बाहेर पडण्यास वाटच नसल्यामुळे ते तिथेच साठले, आणि वाऱ्याने त्याच्या टेकड्या रचल्या. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो, त्यामुळे मोजमाप त्याच्यावर सोपवल्यास ही शुभ्र वाळू राखेसारखी मळकट उमटते. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश, एक ते दीड स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे, हिस्टोग्राम (फोटोतील उजेड-अंधाराचा आलेख) उजवीकडे झुकलेला असला तरी कडेला टेकू देऊ नये, आणि फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच घ्यावा.

या वाळूला आकार देते ती सावली. भर दुपारी उंचसखल भाग एकसारखा दिसतो. सूर्य सॅन अँड्रेस डोंगरांकडे कलला, की टेकडीच्या धारेची एक बाजू उजळते, दुसरी निळसर होते आणि वाऱ्याने उमटवलेली बारीक लहर न लहर सुटी दिसू लागते. सावलीतला हा निळेपणा आकाशाचा असतो. व्हाइट बॅलन्स (फोटोतील रंगांचा समतोल ठरवणारी सेटिंग) बदलून तो पुसून टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. एखादे युक्काचे झाड चौकटीत घेतल्यास टेकडीच्या उंचीचा अंदाज येतो.

पावलांचे ठसे ही खरी अडचण. रस्त्यालगतच्या टेकड्या तुडवलेल्या असतात, तेव्हा अल्कली फ्लॅटच्या पायवाटेने अर्धा तास तरी आत जावे, आणि जो उतार टिपायचा आहे त्यावर पाय ठेवण्याआधी त्याचा फोटो घ्यावा. वसंत ऋतूत वारा जोराचा असतो. उघड्यावर लेन्स बदलू नये, आणि काचेवरची धूळ कापडाने न पुसता आधी फुंकणीने उडवावी. पाणी भरपूर न्यावे, वाटेत ते मिळत नाही. ड्रोनला बंदी आहे. शेजारच्या क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्रामुळे रस्ता कधी कधी काही तास बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी.

सूर्य मावळल्यावर लगेच कॅमेरा आवरू नये. पाठ फिरवून पूर्वेला, सॅक्रामेंटो डोंगरांकडे पाहावे: क्षितिजावर निळी पट्टी, तिच्यावर गुलाबी, आणि तोच गुलाबी रंग काही मिनिटे वाळूवरही उतरलेला असतो. त्यासाठी ट्रायपॉड आधीच लावून ठेवावा.