गाड्यांवर भांडायचं तर असं भांडा

रंकाळ्यावर भेळ खाताना पोरं सुरू होतात, "फेरारी भारी का पोर्शे?" भावांनो, आधी कशावर भांडायचं ते ठरवा: वजन, इंजिनची जागा, का आवाज? नुसती हॉर्सपॉवर ऐकवणाऱ्याला भेळेचे पैसे द्यायला लावा.

मी शिरोलीत कास्टिंगच्या धंद्यातला, त्यामुळं इंजिनवर जरा जास्तच बोलणार. पोर्शे ९११ चं इंजिन १९६३ पासून मागच्या चाकांच्याही मागं. जुन्या गाड्यांची मागची बाजू वळणावर सुटायची. जर्मनांनी इंजिन हलवलं नाही, सस्पेन्शन सुधारत बसले. हा हट्ट आपल्याला पटतो. अमेरिकेच्या कॉर्व्हेटनं मात्र २०२० च्या मॉडेलला इंजिन पुढून मधे आणलं. अमेरिकावाल्याला त्यावर छेडा, पण त्याचा ६.२ लिटर व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन) कमी पैशात ताकद देतो हे कबूल करा. वजनाचा विषय निघाला की लोटस एलिस काढा, पहिली जेमतेम सव्वासातशे किलोची. जपानसाठी निस्सान जीटी-आर: अख्खं इंजिन एकच कारागीर हातानं जुळवायचा.

कोण झेंडा फारच नाचवायला लागला तर मॅकलारेन एफ-वन पुढं करा. गाडी ब्रिटिश, बारा सिलिंडरचं व्ही-ट्वेल्व्ह इंजिन जर्मन बीएमडब्ल्यूचं. इटलीवाला लॅम्बोर्गिनी काढेलच. ती १९९८ पासून जर्मन ऑडीकडं आहे, हे खिशात ठेवा.