गडवाटेवर वन्यजीव-सुरक्षा सांगताय? या चुका टाळा

शनिवार-रविवारी गडाच्या पायथ्याशी उभं राहून ट्रेकर्सना वन्यजीवांबद्दल चार गोष्टी सांगायचं काम आता बरीच तरुण मंडळी हौसेने करतात. सह्याद्रीला अशा माणसांची फार गरज आहे. म्हणूनच या कामात पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुकांबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

सगळ्या प्राण्यांसाठी एकच सूचना

"प्राणी दिसला तर घाबरू नका, शांत उभे राहा." सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि सगळ्यात घातकही हेच. बिबट्या समोर आला तर पळायचं नाही, खाली वाकायचं नाही, लहान मूल असेल तर उचलून घ्यायचं आणि बिबट्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरायचं. आग्या मोहोळ उठलं तर मात्र नेमकं उलट. जॅकेट किंवा ओढणीने डोकं-तोंड झाकून तिथून लवकरात लवकर लांब जायचं. तिथे जो थांबला त्याला माश्या सोडत नाहीत.

मोहोळाला खरं तर जास्त वेळ द्या. गडावर येणारे बिबट्याबद्दल विचारतात, पण कड्याखाली लटकणाऱ्या पोळ्याकडे त्यांचं लक्षही जात नाही. धूर, दगड, फटाके, ड्रोन यांनी माश्या बिथरतात. डंख मारताना माशी जो गंध सोडते त्याने बाकीच्या माश्या त्याच जागी येतात, म्हणून काटा नखाने किंवा कार्डाने झटकन खरवडून काढायचा. तो कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. हात झटकायचे नाहीत, पाण्यात उडी मारायची नाही. माश्या वर घिरट्या घालत थांबतात. वाट कड्याला लागून असेल तर आधी पायाखाली बघायचं, कारण घाबरून धावताना दरीत जाण्याची भीती डंखांइतकीच मोठी आहे. घसा आवळला, धाप लागली, तर गडावर उपचार करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

हे सगळं तोंडी सांगून पुरत नाही. जॅकेट डोक्यावर ओढून दोन पावलं चालायला लावा. अंगवळणी पडलेलंच ऐन वेळी आठवतं. आणि आज पोळं नेमकं कुठे आहे, हे सकाळी गावातल्या माणसाला विचारून घ्या. ते तुमच्या छापील पत्रकात सापडणार नाही.

साप ओळखायला शिकवणं

डोकं त्रिकोणी की गोल, यावर पंधरा मिनिटं घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं. साप मारून किंवा पकडून दवाखान्यात न्यायची गरज नाही. साप चावला तर ती जागा बांधू नका, चिरू नका, चोखू नका, हातपाय हलवू न देता लवकर दवाखान्यात न्या, एवढं पक्कं बसलं तरी पुष्कळ. साप हातात धरून दाखवण्याचा मोह तर पूर्ण सोडा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा तो प्रश्न आहेच, शिवाय समोरचा पोरगा पुढच्या रविवारी तेच करून बघतो.

"काही धोका नाही" किंवा "जिवाला धोका आहे"

दोन्ही टोकं टाळा. बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, भोवती दाट वस्ती, तरी तिथे बिबटे आणि माणसं शेजारी राहतात. अंधारात एकट्याने फिरू नका, मुलांना मागे सोडू नका, उष्टं-खरकटं टाकू नका, असं कामाचं सांगा. माकडांना खाऊ घालणाऱ्याला मात्र ठामपणे अडवा. खायची सवय लागलेलं माकड पुढच्या माणसाची पिशवी ओढतं, चावतं.

लोक थांबतच नाहीत?

वाटेवर अडवलंत तर कुणी ऐकत नाही. बूट बांधताना, चहा घेताना गाठा. बोलणं दोन मिनिटांत आटपा. "तुम्हाला एवढंही माहीत नाही?" असा सूर लागला की ऐकणारा मनातून निघून गेलेला असतो. ग्रुप लीडरला आधी विश्वासात घ्या, तो वर गेल्यावरही आठवण करून देतो.

आणि वन विभागाचा १९२६ व रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन्ही नंबर पायथ्याशीच फोनमध्ये घालून घ्यायला लावा. खिंड ओलांडली की बऱ्याच गडांवर रेंज जाते, तेव्हा कुठल्या टप्प्यावर फोन लागतो तेही सांगून ठेवा.